गैरसोयीबद्दल क्षमस्व

सत्तावीस वर्षं झाली, मी जळगावातल्या एका ज्युनिअर कॉलेजात पोरांना इंग्रजीतून दुःखी व्हायला शिकवतो. हा विनोद नाही, माझं कामच ते आहे. बारावीला पत्रलेखन असतं. तक्रारीचं पत्र, दिलगिरीचं पत्र, सांत्वनाचं पत्र. पायावर पाय पडला तर सॉरी. लग्नाला जाता येणार नसेल तर रिग्रेट. उशीर झाल्याचं साहेबाला कळवायचं तर अपॉलजाइज. कुणी गेलं तर कन्डोलन्स, आणि तिथे ‘डीपली’ घालायला विसरायचं नाही, अर्धा मार्क त्याचाच असतो. फळ्यावर मी दोन रकाने आखतो, डावीकडे प्रसंग आणि उजवीकडे वाक्य. पोरं पाठ करतात. दरवर्षी दोनचार महाभाग सांत्वनाचं पत्र ‘आय ॲम व्हेरी हॅपी टू राइट धिस लेटर’ असं सुरू करतात, कारण बाकीची सगळी पत्रं तशीच सुरू होतात. ती उत्तरपत्रिका मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवतो आणि आम्ही सगळे हसतो.

यंदा तसा एक पेपर हाती आला तेव्हा मी तो गुपचूप तपासून खाली ठेवला. माझंच पत्र त्याहून वाईट निघालं होतं.

माझी थोरली बहीण साक्रीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात दिलेली आहे. मी तिला अक्का म्हणतो. आई लवकर गेली, त्यामुळे मला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत ओढत नेण्यापर्यंत सगळं अक्कानं केलं. ती स्वतः चौथीपर्यंत शिकली. तिच्या नवऱ्याला गावभर नाना म्हणत, मीही नानाच म्हणायचो. फेब्रुवारीत नाना गेले. सकाळचा चहा घेऊन खळ्यात गेले, खाटेवर टेकले ते उठलेच नाहीत.

त्या खळ्यात विजेचा एक खांब आहे. नानांच्या मरणाशी त्याचा काही संबंध नाही, हे आधीच सांगतो. पण माझ्याशी आहे. खांब वाकला होता आणि तार इतकी खाली आली होती की कडब्याची गाडी आत घ्यायची तर एकानं बेचक्याची काठी घेऊन तार वर उचलून धरायची. नानांनी विजेच्या ऑफिसात तीन अर्ज दिले, तिन्ही मराठीत. काही झालं नाही. मग गेल्याच्या गेल्या भाऊबीजेला मी गेलो असताना त्यांनी मला ओसरीवर बसवलं आणि आपला सिद्धांत सांगितला.

“मराठी अर्ज वाचीसन ठेवी देतस,” ते म्हणाले. “इंग्रजी वाचता येस नही, म्हनीसन वर धाडतस.”

मी हसलो, पण ऑफिसं पाहिलेला माणूस बोलत होता, चुकीचं नव्हतं ते. नानांनी दोन कोरे फुलस्केप आणले आणि दोन्हींच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात सही केली. पूर्ण नाव, खाली आडवी रेघ, रेघेखाली दोन ठिपके. एक मला दिला. वरची जागा तुमची, म्हणाले. दुसरा पहिला खराब झाला तर असावा म्हणून स्वतःजवळ ठेवला.

मग रविवारी त्यांचा फोन यायला लागला. “सर, अर्ज लिखा का?” मेहुण्याला सर म्हणण्यात त्यांची थोडी थट्टा होती आणि थोडा अभिमानही. मी म्हणायचो, सॉरी नाना, या आठवड्यात नक्की. पुढच्या रविवारी पुन्हा सॉरी. पंधरा मिनिटांचं काम. असले अर्ज मी पोरांना झोपेतही सांगू शकतो. पण घरचं काम म्हटलं की मला ते उद्यावर ढकलता येतं, हा माझा जुना रोग आहे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. गेल्या दिवाळीनंतर नानांनी विचारणं सोडलं. फोन करायचे, पाऊसपाणी विचारायचे आणि ठेवायचे. मला हायसं वाटलं होतं. तेच आठवून आता अंगाची आग होते.

ते गेले त्या दिवशी बारावीचा इंग्रजीचाच पेपर होता आणि मी केंद्रसंचालक. फोन कपाटात बंद. दुपारी दोनला फोन हातात आला तेव्हा सतरा मिस्ड कॉल होते. चारला माती होती. जळगावहून धुळं, धुळ्याहून साक्री, तिथून आत गाव. विमान असतं तरी पोचलो नसतो, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. दुसऱ्या दिवशी जाता आलं असतं. दुसऱ्या दिवशी दुसरा पेपर होता. तिसऱ्या दिवशी रविवार होता.

रविवारी मी निघायचं म्हणून बॅग रिकामी करायला घेतली आणि पुढच्या कप्प्यातून तो कागद निघाला. चार घड्या घातलेला. तळाशी नानांची सही, रेघ, दोन ठिपके. उलटवला, तर पाठीवर माझ्याच अक्षरात परीक्षेच्या सुपरव्हिजनचा तक्ता. कुणाला कुठला ब्लॉक, कुणाला रिलीव्हर. जानेवारीत कधीतरी हाताला लागेल तो कागद ओढून मी तो आखला होता. पलीकडे काय आहे ते पाहिलंही नव्हतं.

मी बॅग परत ठेवली. बायकोला म्हटलं, अंग तापल्यासारखं वाटतंय. ताप नव्हता. मला अक्कासमोर उभं राहायची लाज वाटत होती, एवढंच खरं आहे. बायको जामनेरकडची, तिच्या घरी बोली वेगळी, तिला आमच्याकडचं सगळं ठाऊक नसलं तरी एवढं ठाऊक होतं की सख्ख्या भावानं बहिणीच्या दारावर, म्हणजे दुखवट्याला, गेलंच पाहिजे. तिनं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

तोपर्यंत मी एक मोठं शहाणपण करून बसलो होतो. पेपर सुटला त्याच दुपारी, गठ्ठे मोजून होईपर्यंत उभ्याउभ्या, घरच्या ग्रुपवर मी मेसेज टाकला होता. ‘सॉरी फॉर युवर लॉस. मे हिज सोल रेस्ट इन पीस.’ खाली हात जोडलेलं चित्र. इंग्रजीतून का? बोटांना सवय. त्याच दिवशी कॉलेजच्या ग्रुपवर कुणाच्या तरी सासऱ्यांसाठी मी तेच वाक्य लिहिलं होतं.

सुतक फिटतं त्या गंधमुक्तीच्या दिवशी माहेरची साडी जावी लागते. ती मी चुलतभावाच्या हाती पाठवली. चार दिवसांनी तो आला, हातात तीच पिशवी. टेबलावर ठेवली आणि चहा न घेता बोलायला लागला. माझा मेसेज अक्काच्या सुनेनं तिला वाचून दाखवला होता. सुनेनं फोनमध्ये मराठीत करायचं बटण दाबलं, तर फोनवर आलं, ‘तुमच्या नुकसानीबद्दल क्षमस्व.’ अक्कानं तिला पुन्हा वाचायला लावलं. नुकसान म्हणजे तिला ठाऊक आहे, कांद्यावर गारा पडतात आणि तलाठी पंचनामा करायला येतो ते. क्षमस्वही ठाऊक आहे. हायवेचं काम इतकी वर्षं चाललंय, तिथे पाटी असते, गैरसोयीबद्दल क्षमस्व. भरल्या ओसरीवर तिनं विचारलं, “नुकसान मनं व्हयनं, माफी हाऊ कसानी मांगस?”

नुकसान तिचं झालं, मग माफी मी कशाची मागतोय? याचं उत्तर मला देता आलं असतं. इंग्रजीत सॉरी दोन कामं करतो, एकदा चूक कबूल करतो आणि एकदा नुसतं वाईट वाटल्याचं सांगतो. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. पण अक्काचा प्रश्न माझ्या फळ्यापेक्षा नेमका होता. माफी मागण्यासारखं मी काहीतरी केलं होतं आणि ते तिला माहीत नव्हतं.

चुलतभाऊ उठताना म्हणाला, साडी तिनं परत दिली, ज्यानं आणायची त्यानं आणावी म्हणाली. आणि हेही सांगितलंय की आखाजीला न्यायला यायचं काम नाही.

आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकीबाळींचा सण. कितीही म्हातारी झाली तरी लेक त्या दिवसांत माहेरी येते, झोका खेळते, गाणी म्हणते. आईवडील गेल्यापासून अक्काचं माहेर म्हणजे माझं जळगावचं दोन खोल्यांचं आणि गॅलरीचं घर. गॅलरीत मी दरवर्षी झोका टांगतो. पासष्टीची बाई, खाली रिक्षांचा गोंगाट, आणि ती झोक्यावर बसून पायानं भिंतीला रेटा देते. एकही वर्ष चुकलेलं नाही. यंदा ती आली नाही तर पुढे कधीच येणार नाही, हे मला कळत होतं. तिचा स्वभाव मी जाणतो. एकदा दार लावलं की ती कडी तपासायलाही परत येत नाही.

त्यानंतर माझं कशात लक्ष लागेना. पेपर तपासताना पाय हलत राहायचा. कुठेही सॉरी ऐकलं की डोकं सणकायचं, आणि जळगावात तर माणसं श्वास टाकल्यासारखं सॉरी म्हणतात. रिक्षावाला घासून गेला, सॉरी. दूधवाल्यानं पिशवी फोडली, सॉरी. फोन लागला नाही तर त्यातली बाईही सॉरी. वर्गातल्या एका पोरीला मी उगाच झापलं, तीही सॉरी म्हणाली आणि मी तिला म्हटलं, तू कशाला सॉरी, चूक माझी आहे. वर्ग माझ्याकडे बघत राहिला.

आखाजीला आठ दिवस उरले तेव्हा एका सकाळी मी साडीची पिशवी उचलली आणि स्टँड गाठलं. धुळ्यापर्यंत जागा मिळाली, पण बसवत नव्हतं. मनात वाक्यं जुळवत होतो. इंग्रजीत दहा तयार होती, एकाहून एक गुळगुळीत. मराठीत ‘मला क्षमा कर’ म्हणून पाहिलं, तर टीव्हीवरच्या मालिकेत गेल्यासारखं वाटलं. आणि अक्काच्या-माझ्या बोलीत, अहिराणीत, काही सापडेचना. लहानपणी चूक केली की आम्ही काय म्हणायचो? काहीच नाही. मान खाली घालून उभं राहायचं. मग अक्का एक धपाटा घालायची आणि जेवायला वाढायची.

धुळ्याला बस बदलली. त्या स्टँडवर मला नेहमी एक जुनी फजिती आठवते. कॉलेजला धुळ्यात होस्टेलवर राहायला आलो तो पहिला आठवडा. शहरातल्या मुलांच्या खोलीतून निघताना मी घरच्यासारखं म्हटलं, येस. आमच्या बोलीत येस म्हणजे येतो. ती मुलं खो खो हसली. याला कुणी काही विचारलं नाही आणि हा इंग्रजीत हो म्हणतोय. महिनाभर मला ‘येस’ म्हणूनच हाक मारत. त्या दिवसापासून मी निघताना येतो म्हणायला लागलो आणि हळूहळू बाकीची बोलीही गेली. पुढे इंग्रजीचाच मास्तर झालो. रोज हजेरीला ऐंशी पोरं मला येस सर म्हणतात.

दुपारी अक्काच्या दारात पोचलो. शेजारच्या अंगणात कुरडया वाळत होत्या, अक्काच्या खळ्यात यंदा काही नव्हतं. खांब तसाच वाकलेला, बेचक्याची काठी भिंतीला टेकवलेली. अक्का ओसरीवर दादर ज्वारी निवडत होती. तिनं वर पाहिलं, पुन्हा सुपात पाहिलं.

“बठ,” ती म्हणाली. “पानी पे.”

सुनेनं तांब्या आणून दिला आणि ती आत गेली. दारावर आलेल्या माणसानं काही बोलायचं नसतं. यायचं, सतरंजीवर बसायचं, रडू आलं तर रडायचं, आणि निघताना येतो म्हणायचं नाही, गुपचूप उठून जायचं. आमच्या लोकांनी हे सगळं शब्दांवाचून लावून दिलेलं आहे. पण माझं येणं म्हणजे वरातीमागून घोडं. सतरंजी कधीच उचलली गेली होती. मी बसलो, पाणी प्यालो, तोंड उघडलं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणालो, “सॉरी, अक्का.”

तिचा हात थांबला.

“सॉरी तठे रस्तावर लिखेल ऱ्हास,” ती म्हणाली. “खड्डा तसाच ऱ्हास.”

मी मान खाली घातली. ती पुढे बोलत राहिली, आवाज न चढवता. दारावर आलेला प्रत्येक जण विचारत होता, तुझा भाऊ कुठे आहे. ती काय सांगणार होती? पहिल्या दिवशी तिनं पेपरचं सांगितलं. दुसऱ्या दिवशीही. पाचव्या दिवशी लोकांनी विचारणं बंद केलं. ते तिला जास्त लागलं.

मी म्हटलं, तू माझी तक्रार करायला हवी होतीस, फोन करून चार शिव्या घालायच्या होत्या.

“परकानी तक्रार करतस,” ती म्हणाली. “आपला मानूसजोडे गाऱ्हानं सांगतस. तू उनाच नही, मंग कोनले सांगू?”

मी आलोच नव्हतो, हे खरंच होतं. तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. कागद, घड्या, पाठीवरचा तक्ता, नसलेला ताप. तुटक सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं बोलीत. नाना रविवारी विचारायचे आणि मी टाळायचो. मग त्यांनी विचारणं सोडलं आणि मला बरं वाटलं, हेही सांगितलं. ते सांगताना सगळ्यात जास्त जड गेलं.

अक्का उठून आत गेली. झालं, मी मनात म्हटलं, कडी लागली. साडीची पिशवी ओसरीवर तशीच ठेवून निघावं असं ठरवत होतो, तेवढ्यात ती बाहेर आली. हातात एक फुलस्केप. कडा पिवळ्या पडलेल्या, पण एकही घडी नव्हती. तळाशी नानांची सही, रेघ, दोन ठिपके.

“हाऊ दुसरा शे,” ती म्हणाली. “यावर लिख.”

मी तिला समजावू लागलो. नाना नाहीत, त्यांच्या सहीचा अर्ज ऑफिसात चालणार नाही, तुझ्या नावानं नवा करू. तिनं ऐकून घेतलं. ऑफिसला तो नवाच दे, म्हणाली. हा त्यांचा आहे. त्यांनी सही करून ठेवलीये, वरची जागा रिकामी ठेवायची नाही.

सुनेनं पाट आणून दिला. पाटावर कागद ठेवून मी लिहायला लागलो. बारा मिनिटं लागली. दीड वर्ष जे होत नव्हतं ते बारा मिनिटांत झालं, आणि अक्षरही चांगलं आलं. माझं इंग्रजी चांगलं आहे, त्यात वाद नाही. कॉम्प्लेंट, इनकन्व्हीनियन्स, इमिजिएट ॲटेन्शन, सगळे आपापल्या जागी जाऊन बसले. सही आणि मजकूर यांच्यात दोन बोटं जागा उरली.

“आते आपली बोलीमा वाच,” अक्का म्हणाली.

तीस वर्षांत मी त्या बोलीत काही वाचलं नव्हतं. चाचरत सुरुवात केली. “खांब वाकेल शे. तार खाले उनी शे. गाडी जास तव्हय तार काठीवरी उचलनी पडस.” इथपर्यंत ठीक चाललं होतं. पुढचं वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहितो, प्रत्येक तक्रारअर्जात ते असतंच. ‘इन स्पाइट ऑफ रिपीटेड रिक्वेस्ट्स, नोबडी हॅज कम.’ मी ते डोळ्यांनी वाचलं आणि तोंडानं म्हणालो, “घडीघडी बलायं, तरी कोनी उनं नही.”

बोलावलं, तरी कुणी आलं नाही. खांबाचं वाक्य होतं ते, मीच लिहिलेलं. मी पाटावर हात टेकून रडायला लागलो. पन्नाशी उलटलेला मास्तर, दुपारच्या उन्हात, शेजारणी कुंपणावरून बघताहेत, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. नाना गेल्यापासून मी रडलो नव्हतो. रविवारचा तो आवाज आता येणार नाही हे मला तेव्हा समजलं.

अक्कानं सूप बाजूला ठेवलं. जवळ आली आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. मग हात तिथेच ठेवला.

“आते उना तू,” ती म्हणाली. तीही रडत होती.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं, कागद उचलून उन्हाकडे धरला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलंय. मी पाहिलं. ‘सॉरी टू ट्रबल यू.’ सवयीनं तेही लिहून बसलो होतो.

“हाई सॉरी कसाले?” ती म्हणाली. “खांब त्यासना शे ना?”

मी पेन काढून ती ओळ खोडली. अक्कानं कागद घडी न घालता आत नेऊन ठेवला. मग दुसऱ्या कागदावर मी तिच्या नावानं अर्ज लिहिला, तिनं सावकाश सही केली, आणि जाताना साक्रीच्या ऑफिसात देऊन पोच घ्यायची असं ठरलं. साडीची पिशवी कुणी उचलली ते मी पाहिलं नाही, पण जेवून हात धुतले तेव्हा ती ओसरीवर नव्हती.

उन्हं कलायला लागली तसा मी उठलो. दारावरून निघताना येतो म्हणायचं नसतं, एवढं तरी यावेळी पाळावं म्हणून चपला घालून न बोलता खळ्यात उतरलो. आखाजीचं विचारायची हिंमत झाली नव्हती. बेचक्याच्या काठीपर्यंत पोचलो तेव्हा मागून हाक आली.

“येस म्हन.”

मी वळलो. अक्का दारात उभी होती, हाताशी साडीची पिशवी.

“आखाजीले लेवाले येशी ना?” ती म्हणाली. “मंग येस म्हन.”

तारेखाली उभा राहून मी म्हणालो, “येस, अक्का.”